दुपारी उमलणारी निळुली

"ही निळुलीच आहे. निळुलीचा कप्पा भरलेला आहे," कोठारी म्हणाला. उत्तराच्या तळहातावर तिचंच फूल परत ठेवून तो पुढच्या झुडपाकडे वळला.

उत्तरा खवणेकर सातवीत होती. 'नाही' हा शब्द ऐकायची तिला सवय होती, पण तो ऐकून गप्प बसायची मुळीच नव्हती. ती चिखल तुडवत गेली आणि कमरेवर हात ठेवून कोठारीच्या पुढ्यात उभी राहिली.

"टेकडीवरची निळुली सकाळी उमलते आणि दुपारी मिटून जाते. ही दुपारी उमलते आणि दिवेलागणीला मिटते. एकाच फुलाची दोन घड्याळं कशी काय?"

कोठारीची चाकं जागीच थांबली. त्याच्या डोक्यावरचा हिरवा दिवा विचार करताना मिणमिणायचा, तसा तो मिणमिणू लागला.

आता हा कोठारी कोण, ते आधी सांगायला हवं. तो होता एक यंत्रमानव. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि त्यात आकडेही होते, पण तळवेळ गावातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. कारण तो कोठारासाठी बिया गोळा करायला आला होता आणि ते कोठार साधंसुधं नव्हतं. चंद्रावर, जिथं ऊन कधीच पोचत नाही अशा एका विवरात (खोल, प्रचंड खळग्यात) माणसांनी बियांचं कोठार उभारलं होतं. तिथल्या थंडीत बिया शेकडो वर्षं जशाच्या तशा राहतात. पृथ्वीवर एखादी वनस्पती संपलीच, तर तिचं बी तरी शिल्लक असावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण पृथ्वीवर वनस्पती लाखो आणि यानात जागा चिमूटभर. म्हणून नियम केला होता: एका प्रजातीला (सजीवांच्या एका स्वतंत्र प्रकाराला) एकच कप्पा.

निळुलीचा कप्पा टेकडीवरच्या निळुलीनं कधीच भरून गेला होता.

आणि उत्तराची निळुली राहत होती खारमाळावर. तळवेळमध्ये पुळण (समुद्रकाठची वाळू) आणि भातशेती यांच्या मधोमध एक सपाट, सखल पट्टा आहे, तो खारमाळ. पावसाळा सरत आला की तिथं गुडघ्याएवढ्या गवतात ही निळी फुलं येतात. पूर्वी उधाणाचं पाणी पुळणीशीच थबकायचं. आता समुद्राची पातळी वाढली होती आणि मोठ्या भरतीला पाणी थेट खारमाळात शिरत होतं. शास्त्रज्ञांनी येणाऱ्या काळाचा नकाशा काढला, त्यात खारमाळाला आधीच समुद्राचा रंग देऊन टाकला होता. शाळेच्या भिंतीवर तो नकाशा पाहिला तेव्हा उत्तरानं तो रंग नखानं खरवडून पाहिला. तिथं ती रांगायला शिकली होती म्हणा ना! खारमाळ आपण वाचवू शकणार नाही, हे तिला कळत होतं. पण फूलसुद्धा जाऊ द्यायचं? ते तिला काही केल्या पटत नव्हतं.

"तुझा प्रश्न चांगला आहे," दिवा स्थिर झाल्यावर कोठारी म्हणाला, "पण तो पुरावा नाही. खारमाळाची माती खारट आहे. कदाचित मिठामुळे फूल उशिरा उमलत असेल. तू उन्हात खेळून रापलीस, म्हणून तू काही वेगळ्या प्रजातीची झाली नाहीस."

"मग वेगळी प्रजाती ओळखायची कशी? दिसण्यावरून?"

"दिसणं फसवं असतं. सशाएवढं झुपकेदार कुत्रं आणि वासराएवढा शिकारी कुत्रा शेजारी उभे केले, तर कुणाला ते एक वाटतील? पण त्यांना पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. म्हणजे प्रजाती एक. उलट घोडा आणि गाढव पाहा. दिसायला भाऊभाऊ. त्यांना खेचर होतं, पण खेचराला सहसा पिल्लू होत नाही. वंश तिथंच थांबतो. म्हणजे प्रजाती दोन."

"म्हणजे माझ्या निळुलीचं आणि टेकडीवरच्या निळुलीचं लग्न लावून पाहायचं?"

"तसं म्हण हवं तर," कोठारी म्हणाला. यंत्रमानव हसत नाहीत, पण त्याचा दिवा दोनदा लुकलुकला. "दोघींचं चांगलं, रुजणारं बी धरलं, तर कप्पा एकच. नाही धरलं, तर मी नवा कप्पा उघडीन. मात्र दिवाळीच्या आधी मला निघायचं आहे."

दिवाळी काही फार लांब नव्हती. उत्तरानं त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात केली.

काम कसं करायचं, ते कोठारीनं नीट समजावलं. फुलात पुंकेसर (पिवळी भुकटी तयार करणारे बारीक दांडे) असतात. ती भुकटी म्हणजे परागकण. मधमाशी फुलावर बसली की परागकण तिच्या अंगाला चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर सांडतात, मग त्या फुलात बी धरतं. याला म्हणतात परागण. इथं मधमाशीचं काम उत्तरानं करायचं होतं. कळी उमलायच्या आधीच तिचे पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे, म्हणजे फुलाला स्वतःचे परागकण मिळायचे नाहीत. मग बारीक कुंचल्यानं हवे ते परागकण लावायचे आणि खऱ्या मधमाश्यांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून फुलाला पिशवी बांधायची.

"तीन गट कर," कोठारी म्हणाला. "पहिल्या फुलांना खारमाळावरच्याच दुसऱ्या रोपाचे परागकण. दुसऱ्यांना टेकडीवरच्या निळुलीचे. आणि तिसऱ्यांना काहीच लावायचं नाही."

"काहीच नाही? मग त्यांना पिशवी कशाला बांधायची?"

"ती सगळ्यांत महत्त्वाची. ती फुलं रिकामी राहिली, तरच आपल्याला कळेल की पिशव्या चोख आहेत. त्यांना तुलना-गट म्हणतात."

आपण काहीच न केलेलं फूल सगळ्यांत महत्त्वाचं! उत्तराला ते जरा विचित्रच वाटलं. पण तिनं मान डोलावली.

टेकडीवरची फुलं सकाळची, खारमाळावरची दुपारची. मग परागकण टिकवायचे कसे? मासेमारांच्या घरात त्याचा घोर नव्हता. तिनं ते कुपीत भरून बर्फाच्या पेटीत, बांगड्यांच्या शेजारी ठेवले. कुपीला माशांचा वास लागला खरा, पण परागकणांनी तक्रार केली नाही.

पिशव्या विणल्या लवूकाकांनी. उत्तराचे हे काका गावात जाळी विणणारे म्हणून नावाजलेले. यंत्रावर विणलेली जाळी बाजारात मिळत असूनही लोक त्यांच्याकडे यायचे. बोटाएवढ्या त्या पिशव्या त्यांनी इतक्या बारीक विणल्या की मधमाशीची तंगडीही आत जाऊ नये.

"घे गो," ते म्हणाले. "ह्येच्यात माशी शिरली तर माका सांग."

उत्तरा रोज शाळेआधी टेकडीवर आणि शाळेनंतर खारमाळावर. पाठीला रग लागली, पायांना जळवा लागल्या. मैत्रिणी हसल्या, "फुलांची लग्नं लावतेय भटीण!" तिनं लक्ष दिलं नाही. फुलं गळली, मागे हिरवी बोंडं राहिली, ती तपकिरी झाली. एका दुपारी कोठारीच्या समोर तिनं पिशव्या सोडल्या.

पहिल्या गटाच्या बोंडांत बी होतं. दुसऱ्या गटाच्या बोंडांतही होतं. आणि तिसऱ्या गटाच्या, ज्यांना तिनं काहीच लावलं नव्हतं, त्यांच्याही बोंडांत टपोरं बी होतं.

"प्रयोग फसला," कोठारी म्हणाला.

"फसला म्हणजे? दुसऱ्या गटात बी आलं, म्हणजे मीच खोटी पडले ना?" उत्तरानं विचारलं.

"तेही म्हणता येत नाही. तिसऱ्या गटात बी आलं, म्हणजे परागकण कुठून तरी आत आले. मग दुसऱ्या गटातलं बी तू लावलेल्या परागकणांचं की असल्या चोरट्या परागकणांचं, हे कसं सांगणार? तू खरी आहेस की खोटी, हे अजून कुणालाच माहीत नाही."

उत्तराला रडू फुटलं. मग रडण्याचा राग आला आणि मग त्या पिशव्यांचा. तिनं उरलेल्या फुलांवर पिशव्या बांधल्या आणि तिथंच गवतात फतकल मारून बसली. चोर कुठून येतो ते पाहिल्याशिवाय ती आज हलणार नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक मधमाशी आली. पिशवीभोवती घिरट्या घालून ती खाली उतरली आणि तळाशी असलेल्या एका वाटोळ्या भोकातून, आपल्याच घरात शिरावं तशी, आत गेली.

उत्तरा पाहतच राहिली. ते भोक तिनं रोज पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं ती पिशवी बांधली होती आणि तरीही ते भोक तिला कधी भोक वाटलंच नव्हतं! कारण ती होती बाळवाट.

तळवेळमध्ये बाळवाटेशिवाय जाळंच नसतं. उत्तराच्या जन्माआधी एकदा समुद्रातली मासळी इतकी आटली होती की होड्या रिकाम्या परतायच्या. तेव्हा गावानं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन शपथ घेतली होती: प्रत्येक जाळ्याच्या तळाशी एक वाट ठेवायची, लहान मासे निसटून जावेत म्हणून. तीच बाळवाट. गावातलं पोर न पोर जाळ्याचं चित्र काढताना खाली वाटोळं भोक काढतं. ते नसलं तर चित्र अर्धं राहिल्यासारखं वाटतं.

ती धावत घरी गेली आणि पिशवी लवूकाकांच्या नाकासमोर धरली. काकांनी चष्मा वर सरकवला, पिशवी उलटी केली आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! ह्यां कधी केलंय मी? हात आपसूक चललो गो. बाळवाट सोडल्याशिवाय माका जाळां इणाकच येणा नाय."

"मग आता बिनवाटेचां इणा," उत्तरा म्हणाली.

काकांचं हसू मावळलं. "ता माझ्याच्यान जमाचां नाय. दर्याक नारळ दिलंय. बाळवाटेशिवाय जाळां इणूचंय नाय."

"पण ह्यां जाळां दर्यात खय जातलां? फुलाक तर बांधूचां असा!"

"आज फुलासाठी, उद्या कोलंबीसाठी. एकदा सूट दिली की सवय मोडता, उत्तरा. मोडलेल्या सवयीन काय झालां ता मी बघलंय."

उत्तरानं पिशवी मुठीत चुरगळली. काकांचा राग येत होता आणि त्याच वेळी ते बरोबर बोलताहेत हेही पटत होतं. फुलं संपत आली होती, आश्विनाची मोठी भरती तोंडावर होती आणि घरातला सगळ्यांत चांगला विणकर सुई खाली ठेवून बसला होता.

ती हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. खिडकीत वाळत होतं नारळाचा रस गाळायचं पातळ फडकं. त्यातून रस तेवढा खाली येतो, चोथ्याचा कणही येत नाही. तिनं ते उचललं आणि काकांच्या मांडीवर टाकलं.

काकांनी फडकं उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग सुईत दोरा ओवला.

"ह्यां जाळां नाय," ते गंभीरपणे म्हणाले. "ह्यां फडकां. फडक्याबद्दल मी दर्याकडे काय्येक बोलूक नाय."

त्या दिवशी घरात सोलकढी गाळायला काहीच उरलं नाही आणि काकूनं दोघांनाही फैलावर घेतलं. पण पिशव्या तयार झाल्या. या वेळी उत्तरानं एकेक पिशवी आधी पाण्यानं भरून पाहिली, शिवण कुठं सुटलीय का ते तपासलं आणि मगच फुलाला बांधली. टेकडीवरही तिनं तसेच तीन गट केले, म्हणजे दोन्हीकडून खात्री व्हावी.

मग उधाण आलं. संध्याकाळी पाणी गवतातून सरपटत यायला लागलं, तेव्हा उत्तरा आणि लवूकाका फावडी घेऊन फुलांभोवती मातीचा बांध घालत होते. कोठारीही मदतीला आला, पण पहिल्याच वळणावर त्याची चाकं रुतली आणि तो पोटापर्यंत चिखलात बसला. "मी इथंच पाणी अडवतो," तो शांतपणे म्हणाला. आणि खरंच, ज्या जागी तो रुतला होता तिथं बांध सगळ्यांत भक्कम ठरला! दुसऱ्या टोकाला बांध फुटला, काही पिशव्या पाण्यानं नेल्या. उत्तरानं मागे वळूनही पाहिलं नाही. उरलेल्यांभोवती ती माती थापत राहिली.

पाणी ओसरलं. फुलं गळली, बोंडं पिकली. कोठारीला न्यायला आलेलं जहाज किनाऱ्याला लागलं, त्याच दिवशी पडवीत सगळ्या पिशव्या उघडल्या.

आधी तिसरा गट. उत्तरानं एकेक करून बोंडं फोडली. एकातही बी नव्हतं.

"तुलना-गट रिकामा," कोठारी म्हणाला. "पिशव्या चोख आहेत."

पहिला गट: बी भरपूर. अपेक्षेप्रमाणेच.

आता दुसरा. उत्तरानं बोंड दाबलं आणि तिच्या हातावर बी पडलं. काळं, बारीक, हुबेहूब पहिल्यासारखं. दुसऱ्या बोंडातही बी. तिसऱ्यातही. कोठारीचा दिवा मिणमिणायला लागला आणि उत्तराच्या डोळ्यांसमोर तो समुद्राच्या रंगाचा नकाशा उभा राहिला.

"बी धरलेलं दिसतं," कोठारीनं सुरुवात केली.

"थांब!" ती ओरडली. "तू म्हणालास, रुजणारं बी. हे रुजणारं आहे का, ते कुठं पाहिलंय आपण?"

लवूकाकांनी भुवया उंचावल्या. उत्तरा आत पळाली आणि दोन वाडग्यांत मिठाचं पाणी घेऊन आली. पेरणीआधी भाताचं बी असंच तपासतात, हे कोकणातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. भरलेलं बी बुडतं, पोचट बी तरंगतं. पण नुसतं दुसऱ्या गटाचं बी टाकून भागणार नव्हतं. निळुलीचं चांगलं बी तरी बुडतं का? तिनं एका वाडग्यात पहिल्या गटाचं बी टाकलं आणि ढवळलं. सगळं तळाशी गेलं. मग दुसऱ्या वाडग्यात दुसऱ्या गटाचं बी टाकलं, ढवळलं आणि वाट पाहिली.

ते तरंगत होतं. पुन्हा ढवळलं, पुन्हा वर आलं.

"पोचट!" लवूकाका ओरडले. "सगळां पोचट!"

पण सगळं नव्हतं, हे उत्तरानं पाहिलं. तळाशी एक बी गेलं होतं. ते कुणालाच दिसलं नसतं, इतकं बारीक होतं. तिला वाटलं, बोलूच नये. पण चोरट्या परागकणांनी तिला एकदा रडवलं होतं. आता आपणच चोरी करायची? तिनं वाडगं कोठारीपुढे सरकवलं. "हे एक बुडलं."

कोठारीनं दोन्ही वाडग्यांतल्या बिया आपल्या क्ष-किरणांच्या (आरपार दिसणाऱ्या किरणांच्या) डोळ्यानं तपासल्या. टेकडीवरच्या पिशव्यांतलं बीही पाहिलं.

"तरंगणाऱ्या बियांत भ्रूण (बीच्या आत झोपलेलं इवलंसं रोप) नाही. नुसती टरफलं आहेत. टेकडीवरही तेच. बुडलेल्या एका बीत भ्रूण आहे." तो थांबला. "निसर्गातल्या सीमा म्हणजे पोलादी भिंती नसतात, उत्तरा. मातीच्या बांधांसारख्या असतात. थोडं पाझरतं. पण बांध पाझरला म्हणून दोन शेतं एक होत नाहीत. तू ते एक बी दाखवलंस हे बरं केलंस. मी तेही नोंदवतो. कधी तरी कुणीतरी ते पेरून पाहील आणि आपल्यापेक्षा जास्त शिकेल."

"म्हणजे?"

"म्हणजे खारमाळावरची निळुली ही स्वतंत्र प्रजाती आहे. तिला दुपारी उमलायला लागून युगं लोटली असणार. वेळ वेगळी, म्हणून परागकणांची देवघेव बंद. देवघेव बंद, म्हणून दोघी हळूहळू इतक्या दुरावल्या की आता जुळवू म्हटलं तरी जुळत नाहीत. मी आजवर हिला ओळखलं नाही. चूक माझी होती."

यंत्राला चूक कबूल करताना तळवेळनं पहिल्यांदाच पाहिलं. उत्तराला एकाच वेळी नाचावंसं आणि मटकन खाली बसावंसं वाटलं. शेवटी ती लवूकाकांच्या गळ्यात पडली.

कोठारीनं एक अख्खं रोप मुळांसकट वाळवायला घेतलं. तो असणार होता आदर्श नमुना, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर ताडून पाहायला जपून ठेवलेलं रोप. शास्त्रीय नाव जाणकार मंडळी ठरवणार होती. गावासाठी मात्र उत्तरानं तिथंच नाव देऊन टाकलं: खारनिळुली. मग कोठारीनं पोटातला एक नवाकोरा कप्पा उघडला आणि पहिल्या गटाचं बी घ्यायला हात पुढे केला.

उत्तरानं अर्धं बी ओतलं. अर्धं मुठीत धरून ठेवलं.

"सगळं दिलंस तर जास्त सुरक्षित राहील," कोठारी म्हणाला.

"तुझ्याकडे ते टिकेल," ती म्हणाली, "पण वाढणार नाही. चंद्रावर दुपार कुठं आहे तिच्यासाठी? आणि मधमाशी?"

कोठारीनं अर्धंच बी नोंदवून घेतलं. त्यानं कप्पा बंद केला, दिवा दोनदा लुकलुकवला आणि तो जहाजाकडे निघाला.

उत्तरा मात्र खारमाळाकडे गेली नाही. ती वरच्या अंगाला, लवूकाकांच्या जुन्या भातखाचरांकडे गेली. तिथं खालून खारं पाणी झिरपायला लागलं होतं, भात पिवळं पडायचं, म्हणून काकांनी ती जमीन पडीक टाकली होती. तिकडे पाहिलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

"हय?" काका म्हणाले. "हय तर मीठ लागला, गो."

"म्हणानच हय," उत्तरा म्हणाली. "भाताक नको ता हेका होया. दर्यो वर येताहा, तर फूल पण वर इला पायजे. तेच्या आधी."

काका खाचरात उतरले. मग ते वाकले आणि त्यांनी ज्या मातीची आशा सोडली होती, तीच माती हातानं भुसभुशीत करायला लागले. उत्तरा त्यांच्या मागून चिमूट चिमूट बी टाकत गेली. खाचराच्या शेवटच्या बांधावर पोचल्यावर ती सरळ उभी राहिली. खाली खारमाळ आणि त्यापलीकडे चकाकणारा समुद्र दिसत होता. त्याचा तिला आता राग आला नाही.

"ये," ती त्याला म्हणाली. "पण दमान ये. आमका जरा वेळ लागतलो."